नॉर्वेला जायचंय? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

स्टॅव्हँगरला राहते म्हटल्यावर दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेसेज सुरू होतात, मग पुन्हा ऑगस्टमध्ये दिवाळीच्या सुट्टीवाल्यांचे. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. नंबर घातलेत कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं. किमती आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी अधिकृत साइटवर एकदा बघून घ्याच.

१. नॉर्वेला कधी जावं? आम्हाला फ्योर्ड पण बघायचेत आणि नॉर्दर्न लाइट्स पण.

एकाच ट्रिपमध्ये दोन्ही धड होत नाहीत, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फ्योर्डसाठी (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, मे-जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळत असतो म्हणून धबधबे भरून वाहतात आणि हार्डांगरला सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. लाइट्स म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणारा ऑरोराचा रंगीत प्रकाश, त्यासाठी अंधार लागतो, आणि जूनमध्ये उत्तरेला अंधार पडतच नाही (प्रश्न १४), त्यामुळे सप्टेंबर अखेर ते मार्च अखेर हाच काळ. मेच्या सुट्टीत येणार असाल तर फ्योर्ड धरा, दिवाळीत येणार असाल तर उत्तरेचं ट्रॉम्सो धरा. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रॉम्सोला बर्फ असेलच असं नाही, सगळं पांढरं बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. अगदीच दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, फ्योर्डच्या बोटी चालू असतात, झाडं पिवळी झालेली असतात आणि उत्तरेला रात्र पण होते. पण मग पश्चिम किनाऱ्यावर पाऊस मिळणार हे गृहीत धरूनच या.

२. सात दिवसांत अख्खा नॉर्वे होईल का?

नाही. नकाशावर देश अरुंद दिसतो पण दक्षिण टोकाच्या लिंडेस्नेसपासून उत्तरेच्या नॉर्डकॅपपर्यंत रस्त्याने अडीच हजार किलोमीटर आहे, आणि ते किलोमीटर आपल्या एक्सप्रेसवेचे नाहीत, वळणं, बोगदे, मध्येच फेरी बोट. सात-आठ दिवस असतील तर ऑस्लो, फ्लोम, बर्गन, आणि जमलं तर स्टॅव्हँगर, एवढंच करा. उत्तरेला जायचं असेल तर ऑस्लोहून ट्रॉम्सोला विमानाने जाऊन तिथेच चार रात्री राहा. एका आठवड्यात ऑस्लो-बर्गन-गायरांगर-लोफोटेन-ट्रॉम्सो असा प्लॅन कुणी पाठवला की मी पहिलं हेच विचारते, यात झोपणार कधी?

३. व्हिसा कुठला लागतो, आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही ना मग वेगळा काढायचा का?

युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) आहे, त्यामुळे साधा शेंगेन टुरिस्ट व्हिसाच लागतो, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ज्या देशात जास्त रात्री राहणार तिथला व्हिसा काढायचा, रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याचा. नॉर्वेचा अर्ज यूडीआयच्या (इथलं इमिग्रेशन खातं) पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, फी तिथेच कार्डाने भरायची, मग भारतातल्या व्हीएफएस या व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट घेऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची निम्मी, त्याहून लहानांना नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा पाहिजे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यासाठी शक्य तितक्या लवकर करा कारण अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. स्वालबार्डला (अगदी उत्तरेकडची बेटं) जाणार असाल तर थांबा, आधी प्रश्न २३ वाचा.

४. इमिग्रेशन कुठे होतं? सोबत आई-बाबा आहेत, त्यांना इंग्रजी जमत नाही.

शेंगेनमध्ये जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे. दुबई किंवा दोहामार्गे आलात तर ऑस्लोला, फ्रँकफर्टमार्गे आलात तर फ्रँकफर्टला, आणि तिथे रांग मोठी असते म्हणून पुढच्या विमानाला निदान अडीच तास ठेवा. २०२५च्या ऑक्टोबरपासून शिक्क्याऐवजी फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आलीये, त्यात पहिल्या वेळी जास्त वेळ जातो. आई-बाबांसोबत एकाच काउंटरवर गेलं तर कुणी अडवत नाही. हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्सची प्रिंट त्यांच्याही हातात द्या, सगळं तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये नको. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर लगेच उडी मारू नका, यूकेचे ट्रान्झिटचे नियम वेगळे आहेत, ते बघूनच पैसे भरा.

५. युरो चालतात का? कॅश किती न्यावी?

युरो नाही, नॉर्वेजियन क्रोन. एक क्रोन म्हणजे ढोबळ ८-९ रुपये धरा. कॅश जवळपास लागतच नाही, टॉयलेटचे दहा-वीस क्रोन पण कार्डाने जातात, हजारभर क्रोन खिशात असले तर मनाला बरं वाटतं एवढंच. फॉरेक्स कार्डावर युरो भरून आणलेत तर दर व्यवहाराला कन्व्हर्जन कापलं जातं, म्हणून बँकेला विचारा की कार्डावर क्रोन भरता येतात का. मशीनने विचारलं की रुपयांत देणार की क्रोनमध्ये, तर कायम क्रोन निवडा, रुपयांचा रेट नेहमी वाईट असतो. इथले लोक व्हिप्स नावाच्या अॅपने पैसे देतात पण ते टुरिस्टला मिळत नाही, त्यासाठी नॉर्वेचा ओळख नंबर आणि बँक खातं लागतं. आणि यूपीआय इथे विसरा.

६. खरंच इतकं महाग आहे का हो?

बाहेर जेवायला हो, बाकीच्या गोष्टी लोक सांगतात तितक्या नाही. कॉफी ४५-५० क्रोन, साध्या रेस्टॉरंटमध्ये एक डिश २०० ते ३००, बर्गर-चिप्स-ड्रिंकचं मील दीडशेच्या आसपास. याउलट किवी, रेमा १०००, कूप एक्स्ट्रा अशा दुकानांतून ब्रेड, दही, फळं, पास्ता घेतलात तर दिवसाचा खर्च एकदम खाली येतो, म्हणून हॉटेलपेक्षा किचन असलेलं घर किंवा हॉस्टेल घ्या. हॉटेल घेतलंत तर ब्रेकफास्ट भरपूर असतो, तो पोटभर खा, पण डबा भरून न्यायचा नसतो, काही डोंगरातल्या हॉटेलांत वेगळे पैसे देऊन सँडविच बांधून नेता येतं, तसं विचारून घ्या. टॅक्सी शक्यतो टाळा, एअरपोर्टवरून तर नकोच (प्रश्न १०). टिप सक्तीची नाही. आणि फुकट गोष्टी पण बऱ्याच आहेत, ऑस्लोचं विगेलँड पार्क, ऑपेरा हाउसच्या छतावर चालत जाणं, बर्गनचं ब्रिगेन (बंदरावरची जुनी लाकडी घरं), आणि डोंगर तर सगळेच.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

शहरांत नाही. ऑस्लो, बर्गन, स्टॅव्हँगर, ट्रॉम्सो सगळीकडे इंडियन हॉटेलं आहेत, ऑस्लोच्या ग्रोनलँड भागात डाळ, पीठ, मसाले, पनीर सगळं मिळतं. अडचण फ्लोम, लोफोटेन अशा छोट्या गावांत येते, तिथे मेन्यूत सूप आणि फ्राईज एवढंच राहतं. तिथे जाताना किराणा आधीच भरून घ्या. दुकानात लोम्पे नावाचं पाकीट शोधा, बटाटा आणि पिठाची मऊ पातळ पोळी असते, मूळ इथले लोक त्यात सॉसेज गुंडाळतात पण आपण भाजी किंवा चटणी लावून छान लागते, प्रवासात पोळीची भूक भागते. पाकिटावर स्विन म्हणजे डुक्कर, स्टोर्फे म्हणजे बीफ, आणि जिलेटिन गोळ्या-चॉकलेटमध्ये आणि काही डेझर्टमध्ये असतं. फोनचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर करून घ्या, सोपं पडतं. अंडं न खाणाऱ्यांनी वेगानसाठीच्या पदार्थांकडे जावं, व्हेजिटेरियन म्हटलं की इथे अंडं-चीज धरलेलंच असतं. तपकिरी चीज, ब्रुनोस्त, आवर्जून खाऊन बघा, कॅरमेलसारखं गोडसर असतं. पण रेनेट (चीज बनवायला वापरतात ते जनावराच्या पोटातलं एन्झाइम) न चालणाऱ्यांनी बनवणाऱ्याची माहिती बघून मगच.

८. घरून काय काय खायला आणता येतं? आईने तूप आणि पेढे बांधलेत.

ते काढून ठेवा. युरोपच्या बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पनीर, खवा, पेढे, श्रीखंड सगळं घरी. ताजी भाजी, बटाटे, कढीपत्त्याच्या काड्या पण नकोत. चिवडा, चकली, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, रेडी-टू-ईटची पाकिटं (आतला पदार्थ पनीरचा नाही ना ते बघून) हे सगळं खुशाल आणा. पाकीटबंद आणि नाव लिहिलेलं असलं तर कस्टम्सला समजावायला सोपं जातं, घरच्या पिठाच्या पिशव्या मात्र उगाच संशय वाढवतात. शंका असेल तर लाल दारातून जाऊन विचारा, हिरव्या दारातून जाऊन पकडलं गेलात तर दंड. रोख २५,००० क्रोनपेक्षा जास्त असेल तर तीही सांगावी लागते.

९. पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या, आणि बिलात "पांत" म्हणून काय लावतात?

एकही घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे, बाथरूमच्या नळाचं पण. पांत म्हणजे बाटलीची डिपॉझिट, लहान बाटली किंवा कॅनला २ आणि मोठीला ३ क्रोन, रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते आणि ती बिलात वजा होते. बाटली चेपून टाकू नका, मशीन बारकोड वाचतं.

१०. ऑस्लो एअरपोर्टवरून शहरात कसं जायचं?

गार्डेरमोएन शहराच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर आहे. फ्लीटोगेट नावाची एक्सप्रेस ट्रेन वीसेक मिनिटांत नेते, व्ही नावाच्या रेल्वे कंपनीची साधी ट्रेन पण तिथूनच सुटते, दोन-पाच मिनिटं जास्त लावते आणि जवळपास निम्म्या पैशात पोचवते, तिकीट मशीन मात्र वेगवेगळी आहेत तेवढं बघा. एक सावधान करते: काही स्वस्त विमानं "ऑस्लो टॉर्प" म्हणून विकतात, ते सांदेफ्योर्डला आहे, ऑस्लोपासून शंभर किलोमीटरहून लांब. शहरात बस, ट्राम, मेट्रोचं तिकीट रूटर अॅपवर चढायच्या आधीच काढायचं, गेट नसतात म्हणून मोकळं वाटतं पण तपासनीस साध्या कपड्यात येतात आणि दंड भरपूर असतो.

११. "नॉर्वे इन अ नटशेल" टूर घ्यावी की स्वतः करावं?

स्वतः. टूर म्हणजे गाइड वगैरे काही नसतो, पाच तिकिटं एकत्र बांधून दिलेली असतात. ऑस्लोहून बर्गनच्या ट्रेनने मिर्डालला उतरायचं, तिथून फ्लोमची ट्रेन, मग फ्लोम ते गुडवांगेन दोन तासांची बोट, गुडवांगेन ते वॉस बस, वॉस ते बर्गन ट्रेन. प्रत्येकाचं तिकीट वेगळं काढता येतं. ऑस्लो-बर्गन रेल्वे १९०९ची, सगळा प्रवास केला तर साडेसहा-सात तास, वाटेत फिन्से स्टेशन १,२२२ मीटर उंचीवर आहे, जूनमध्ये पण बाहेर बर्फ दिसतो. फ्लोमची ट्रेन २० किलोमीटरमध्ये साधारण ८६५ मीटर खाली उतरते आणि शोसफॉसेन धबधब्यापाशी फोटोसाठी थांबते. बोट जाते तो नॅरॉयफ्योर्ड, गायरांगरबरोबर २००५ साली युनेस्कोच्या यादीत आलेला, माझ्या मते सगळ्या प्रवासातला सगळ्यात भारी भाग हाच. एका दिवसात सगळं करतात पण मी सांगेन फ्लोम किंवा ऑरलंडला एक रात्र राहा, दुपारी क्रूझचे हजारो लोक असतात आणि संध्याकाळी जहाज गेलं की गाव रिकामं होतं.

दोन गोष्टी. ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आदल्या दिवशी काढलं तर तेच तिकीट दुप्पट. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात कुठे ना कुठे रूळ दुरुस्ती चालू असते आणि काही टप्प्यांवर ट्रेनऐवजी बस देतात, एंटूर अॅपवर तारीख टाकली की ते दिसतं. फक्त ट्रेनच्या खिडकीतून दिसणाऱ्या नजाऱ्यासाठी येणार असाल तर बुकिंगआधी हे बघाच.

१२. ट्रॉम्सोला ट्रेनने जाता येतं का?

ट्रॉम्सोला रेल्वेच नाही. नॉर्वेची उत्तरेची लाइन बोडोला संपते. नार्विकला रेल्वे आहे पण ती स्वीडनमधून किरुनामार्गे येते. त्यामुळे ऑस्लोहून विमान, दोन तासांच्या आत. नाहीतर बर्गनहून पार उत्तरेच्या किर्केनेसला जाणारी किनाऱ्याची बोट, ही १८९३ पासून चालू आहे, ३४ बंदरं घेते, जाऊन-येऊन १२ दिवस लागतात, पण मधला एखादा टप्पा पण घेता येतो. ही क्रूझ नव्हे, सामान आणि गावकरी चढत-उतरत असतात, रात्री तीनला पण थांबते.

१३. नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतील ना? गॅरंटी देणारी टूर आहे म्हणे.

नक्की कुणीच सांगू शकत नाही. गॅरंटी म्हणजे काय ते नीट वाचा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा फुकट नेतील एवढंच असतं, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं परतीचं विमान असतं. ट्रॉम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच आहे त्यामुळे केपी इंडेक्स (ऑरोराचा जोर सांगणारा आकडा) कमी असला तरी दिसतात, खरी अडचण ढगांची. समुद्रकिनारी ढग असतात म्हणून चांगले गाइड गाडी आत फिनलंडच्या सीमेकडे नेतात, तिथे हवा कोरडी असते. म्हणून निदान तीन-चार रात्री ठेवा आणि टूर पहिल्याच रात्री घ्या, नाही दिसलं तर पुढे रात्री उरतात. पौर्णिमा आहे म्हणून तारीख बदलू नका, चांदण्यात बर्फाचे फोटो उलट छान येतात.

डोळ्यांना पुष्कळदा फिकट पांढरट-हिरवं दिसतं आणि फोनमध्ये गडद हिरवं, म्हणून लोक म्हणतात फोटो खोटे असतात. नाइट मोड, फ्लॅश बंद, फोन कशावर तरी टेकवून तीन सेकंद. ऑरोरा जोरात आला की डोळ्यांनाही गुलाबी किनार दिसते आणि तेव्हा फोन खाली ठेवा. बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर स्वतः गाडी घेऊन मागे धावू नका, रस्त्याच्या मध्येच गाडी थांबवून आकाशाकडे बघणारे टुरिस्ट ही तिथली खरी डोकेदुखी आहे.

१४. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही मग झोपायचं कसं? आणि सासूबाई विचारतात संकष्टी कशी सोडायची?

ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. ऑस्लो, बर्गनला मावळतो पण जूनमध्ये रात्री साडेदहाच्याही नंतर, आणि पूर्ण काळोख होत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणा, मुलांसाठी पण. उलट हिवाळ्यात ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो, आणि ज्यांना तो बघायचाच असतो त्यांना तो फार आवडतो.

संकष्टीचं म्हणाल तर प्रश्न बरोबर आहे, मे-जूनमध्ये तिकडे चतुर्थीचा चंद्र कधी कधी क्षितिजावर येतच नाही. ओळखीतल्या बायका भारतातल्या आपल्या गावच्या चंद्रोदयाची वेळ धरतात. नॉर्वे भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे, म्हणजे तिकडे रात्री दहाला चंद्र निघाला तर इथे संध्याकाळी साडेसहालाच जेवायला मिळतं. सासूबाईंना हे नक्की सांगा.

१५. थंडी किती असते? कपडे इथून घ्यावेत की तिथे?

ट्रॉम्सोला जानेवारीत साधारण उणे चार-पाच, समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेच्या मानाने काहीच नाही. आत खंडाकडे गेलात की उणे वीस-तीस सहज होतं, आणि ऑरोरा टूर तिकडेच जाते. अंगाला लागून लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. आतला थर कॉटनचा नको, घामाने ओला झाला की थंडी वाजते. एकावर एक चढणाऱ्या मोज्यांच्या दोन जोड्या आणि मोठ्या मापाचे बूट, घट्ट बुटात पाय गारठतो. टूरवाले वरचा सूट आणि बूट देतात, तेवढ्यासाठी हजारो रुपये घालवू नका. बुटाला लावायचे खिळे मात्र पोचल्यावर लगेच घ्या, हिवाळ्यात सगळ्यात जास्त लोक थंडीने नाही, घसरून पडून दवाखान्यात जातात.

उन्हाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट. मुंबईत चार महिन्यांत पडतो साधारण तेवढा पाऊस बर्गनमध्ये वर्षभर थोडा थोडा पडत राहतो आणि वाऱ्यात छत्री टिकत नाही.

१६. रविवारी पोचतोय, किराणा मिळेल ना?

मोठी दुकानं रविवारी बंद. छोटी दुकानं, पेट्रोल पंप आणि स्टेशनवरची दुकानं चालू असतात, महाग असतात. ईस्टरच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार सगळं बंद, त्या आठवड्यात इथले लोक डोंगरात असतात. १७ मे हा राज्यघटनेचा दिवस (१८१४), त्या दिवशी दुकानं बंद पण ऑस्लोत असाल तर नशीबवान, पारंपरिक पोशाखातल्या लोकांची आणि शाळेच्या मुलांची मिरवणूक बघायला मिळते, फक्त हॉटेल खूप आधी बुक करा.

१७. बिअर कुठे मिळते?

४.७ टक्क्यांपर्यंतची सुपरमार्केटमध्ये, संध्याकाळी ८ पर्यंत, शनिवारी ६ पर्यंत, रविवारी नाही. त्याहून कडक आणि वाइन सरकारी विनमोनोपोलेत दुकानातच. वय १८, हार्ड ड्रिंकला २०. पार्कात उघड्यावर पिणं कायद्याने बंद आहे, लोक पिताना दिसले तरी. गाडी चालवणार असाल तर एक घोट पण नको, कारण पुढच्या उत्तरात.

१८. भारतीय लायसन्सवर गाडी चालते का?

टुरिस्टला तीन महिन्यांपर्यंत हो, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, भाड्याच्या गाडीवाले मागतात. गाडी उजव्या बाजूने. दिवे दिवसा पण चालू. दारूची मर्यादा ०.२ पर मिल, म्हणजे व्यवहारात शून्य. ज्या चौकात खूण नसते तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उजवीकडची गल्ली छोटी असली तरी, आपल्याकडच्यांना हेच सगळ्यात जड जातं. शहरात ५०, बाहेर ८०, मोठ्या हायवेवर ११० पर्यंत, आणि कॅमेरे असतात. गाडी चालवताना फोन हातात दिसला तर दंड दहा हजार क्रोनच्या आसपास, आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत भारतात पोचतो.

टोलनाके दिसत नाहीत, कॅमेरा नंबर घेतो आणि नंतर तुमच्या कार्डावर पैसे लागतात, फेरीचं पण तसंच. भाड्याची गाडी आता बऱ्याचदा इलेक्ट्रिकच मिळते, नवीन विकल्या जाणाऱ्या गाड्यांत दहापैकी नऊहून जास्त इलेक्ट्रिक असतात, त्यामुळे चार्जर खूप आहेत पण कुठलं अॅप चालतं हे कंपनीला आधी विचारा. बोगद्यात भीती वाटणाऱ्यांनी लार्डाल बोगद्याची माहिती आधी वाचावी, २४.५ किलोमीटर आहे, मध्ये तीन निळ्या दिव्यांच्या गुहा केल्यात म्हणजे ड्रायव्हरला कंटाळा येऊ नये. १३५ सेंटिमीटरपेक्षा लहान मुलाला सीट सक्तीची.

१९. मेमध्ये ट्रोलस्टिगेन आणि गायरांगरचा रस्ता गाडीने करायचा आहे.

मे घाईचा आहे. हे रस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि बर्फ काढून मेच्या उत्तरार्धात कधीतरी उघडतात, तारीख दरवर्षी वेगळी. दरडींमुळे उन्हाळ्यात पण बंद करावे लागतात, २०२४ मध्ये ट्रोलस्टिगेन सीझनचा मोठा भाग बंद होता. फक्त या रस्त्यासाठी येणार असाल तर जुलै-ऑगस्ट, आणि तरी दुसरा प्लॅन हातात ठेवा.

२०. प्रेकेस्टोलेन आई-बाबांना झेपेल का? आणि ट्रोलटुंगा?

प्रेकेस्टोलेन म्हणजे लिसेफ्योर्डवर ६०४ मीटर उंच सपाट कडा. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, चार-पाच तास, सिंहगड नेहमी चढणाऱ्यांना जमतो, गुडघे दुखणाऱ्यांना नाही, सगळी वाट दगडांची आहे. काही पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्यात, त्या अगदी पक्क्या आहेत. कड्याला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. आई-बाबांना स्टॅव्हँगरहून लिसेफ्योर्डच्या बोटीत बसवा, तीनेक तासांत तोच कडा खालून दिसतो.

ट्रोलटुंगा, म्हणजे कड्यातून जिभेसारखा बाहेर आलेला दगड, ही वेगळीच गोष्ट आहे. खालच्या पार्किंगपासून २७-२८ किलोमीटर, १० ते १२ तास, वरचं पार्किंग मिळालं तर २० किलोमीटर. जून ते सप्टेंबरच्या बाहेर गाइडशिवाय जाऊ नका. तिथला फोटो बघून टेनिस शूज घालून येणारे दरवर्षी असतात आणि मग हेलिकॉप्टर बोलवावं लागतं.

२१. तंबू कुठेही लावता येतो हे खरंय का?

बऱ्यापैकी. १९५७च्या कायद्याने मोकळ्या रानात सगळ्यांना फिरायचा आणि राहायचा हक्क आहे. राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपर्यंत (लांब डोंगरात जास्त चालतं), शेतात आणि कुरणात नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात शेकोटी बंद. हा हक्क तंबूसाठी आहे, कॅम्पर गाडी वाटेल तिथे लावण्यासाठी नाही.

२२. आजारी पडलो तर?

अॅम्ब्युलन्स ११३, पोलिस ११२, आग ११०. तातडीचं पण जीवावरचं नसेल तर ११६११७, हा लेगेवाक्त म्हणजे रात्री-बेरात्रीच्या दवाखान्याचा नंबर. टुरिस्टला फुकट नाही, पावत्या जपून ठेवा आणि इन्शुरन्सवाल्यांना त्याच दिवशी कळवा. पॅरासिटामॉल किराणा दुकानात मिळते, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय अजिबात नाही, म्हणून नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट हॅंडबॅगेत आणा. प्लग गोल दोन पिनांचा, व्होल्टेज आपल्यासारखंच.

२३. स्वालबार्ड पण नॉर्वेच ना? व्हिसा एकच पुरेल?

नॉर्वेच, पण शेंगेनच्या बाहेर. ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येनला, म्हणजे तिथल्या मुख्य गावाला, जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परत येताना पुन्हा आत येता, म्हणजे सिंगल एंट्री व्हिसा असेल तर तिकडेच अडकाल. अर्ज करतानाच डबल किंवा मल्टिपल एंट्री मागा आणि स्वालबार्डचं बुकिंग जोडा. देशातलं विमान असलं तरी पासपोर्ट तपासतात. गावाच्या हद्दीबाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे गाइडशिवाय जायचं नसतं, त्याच्याकडे रायफल असते ती शोभेची नाही. तिकडे न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, पण ती संशोधकांची वस्ती आहे, तिथे हॉटेल शोधू नका, काही बोटी उन्हाळ्यात तेवढ्या थांबतात.

२४. नार्विकहून ट्रेनने स्वीडनला जाणार आहोत, पुन्हा व्हिसा किंवा कस्टम्स लागतं का?

व्हिसा तोच. पासपोर्ट जवळ ठेवा कारण ट्रेनमध्ये कधी कधी तपासतात. कस्टम्स मात्र आहे, नॉर्वे युनियनमध्ये नाही म्हणून, मुख्यतः स्वीडनहून स्वस्त दारू-सिगरेट-मांस घेऊन परत येताना. खरेदीचा टॅक्स परत घ्यायचा असेल (इथे व्हॅट २५ टक्के आहे, खाण्याच्या वस्तूंवर १५) तर तो नॉर्वे सोडतानाच घ्यावा लागतो, पुढे स्टॉकहोमला किंवा फ्रँकफर्टला मिळत नाही, कारण तुम्ही तेव्हा दुसऱ्या कस्टम्सच्या हद्दीत असता. नार्विक स्टेशनवर त्यासाठी काउंटर असेल या भरवशावर मोठी खरेदी करू नका, ती ऑस्लो एअरपोर्टवरून परतणाऱ्यांनी करावी.